कळत असूनही मी हात वर केला. असं का होतं?

खाजनकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहते, जुवारी नदीच्या कडेच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी माणसं येतील ती मला रोज भेटणारी आहेत. घरचं थोडं भातशेत आहे, खाजनातले दोन कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे. मी एका दुकानात हिशेब लिहिते. मुलगा आठवीत.

माझे प्रश्न दोन आहेत, पण मुळात ते एकच असावेत असं मला वाटतं.

मे महिन्यात आमच्या कुळांच्या संघटनेची सभा देवळाच्या मंडपात झाली. ज्यांना खाजन ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि बांधात मानस असते. मानशीची लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना लोटून बाहेर जातं. कोणी हात लावायचा नसतो, पाणीच दार लावतं आणि पाणीच उघडतं. मानशीवर जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावाने दिला जातो, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. आता पावणी घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असेल तर तो भरतीच्या वेळी दार अडवून ठेवतो. पाण्याबरोबर मासळी आत येते, आणि आमच्या भातात मीठ.

गेल्या वर्षी चवथीच्या सुमाराला पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली. मी खालच्या कुणग्यात उतरून पाहिलं. पात्यांची टोकं तांबूस होऊन करपली होती. आमचं कोरगुट आहे, म्हणजे मीठ सोसणारं भात, त्याची ही गत. बांधाच्या कडेचा चिखल सुकला होता आणि त्याच्यावर पांढरी साय धरली होती. मी बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठच. वरच्या सुपीक कुणग्यांना काही झालं नाही, त्यामुळे गावात बोभाटा झाला नाही.

सभेत विषय होता, त्याच माणसाला आणखी तीन वर्षं पावणी द्यायची, रक्कम वाढवून. दारं अडवायची नाहीत अशी अट घालू, असं आधी बोलणं झालं होतं. कागदावर ती अट नव्हती. वाचून झाल्यावर विचारलं, "सगळ्यांना मान्य ना? हात वर करा." पुढच्या रांगेतले हात वर गेले, त्यात माझ्या जाऊबाईंचाही होता, मग दुसऱ्या रांगेतले. मी अटीबद्दल विचारणार होते. वाक्य तोंडात तयार होतं. पण बघते तर माझा हात वर. तो कधी गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

एकच हात खाली होता. आमच्या वाड्यावरची एक मावशी आहे, सत्तरी ओलांडलेली, पहाटे पालेभाजी घेऊन फोंड्याच्या बाजारात जाते. ती उठूनसुद्धा उभी राहिली नाही. खांबाला टेकून बसली होती तशीच म्हणाली, "दार कोण लावणार तेवढं लिहा. मग मी हात वर करते." बस्स. मंडपात चिडीचूप. मग माझ्या पुढे बसलेल्या दोघांनी हात खाली घेतले. मी नाही घेतला. आता खाली घेतला तर सगळे माझ्याकडे बघतील, असं वाटलं. ठराव मंजूर झाला.

मुलगा मंडपाच्या पायरीवर बसून सगळं बघत होता. घरी येताना वाटेत त्याने विचारलं, "आई, तू तर मीठ चाखून बघितलं होतंस ना?" मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी दिलं.

आता दुसरा प्रश्न. त्याच आठवड्यात त्याचं प्रगतिपुस्तक आलं होतं. मार्क बरे आहेत. खाली शेरा आहे: "वागणूक चांगली. नेतृत्वगुण कमी. इतरांच्या मागे राहतो." मला आधी राग आला आणि मग भीती वाटली, की हे माझ्याकडूनच त्याच्यात उतरलंय.

काही माणसं पुढे होतात, बाकीची त्यांच्या मागे जातात, आणि एखादी त्या मावशीसारखी असते, पुढेही जात नाही आणि मागेही, आपल्या जागी बसून राहते. हे जन्माने येतं का? घरातून येतं? मोठेपणी शिकता येतं का? फक्त शिक्षणाने येतं असं कृपा करून सांगू नका. मावशी चौथीपर्यंतही शाळेत गेलेली नाही आणि मी बी.कॉम. आहे.


रापणकाराचा पोर यांचं उत्तर

ताई, मुलगा मागे राहतो म्हणजे नेमका कुठे मागे राहतो ते आधी बघा. मी मोरजीचा. माझे वडील रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा ओढायला लागतात. तांडेल दोराला हात लावत नाही. तो पाण्याकडे बघत उभा राहतो आणि नुसत्या हाताने सांगतो, ही बाजू थांबा, ती बाजू चला. एक बाजू पुढे गेली तर जाळं वाकडं होतं आणि मासळी निसटते. त्या दहा मिनिटांत बाबांचा शब्द म्हणजे शब्द. गावचा सावकार दोराला असला तरी तोही ऐकणार.

तेच बाबा किनाऱ्यावरून घरी आले की तोंड उघडत नसत. घरातलं सगळं आई ठरवायची. सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रापणकारांचं आंदोलन झालं, त्यातही बाबा मोर्च्यात शेवटच्या रांगेत असायचे. पुढे कोण होते? मातनी साल्ढाणा, जे पेशाने शिक्षक. बाबांना त्यात कमीपणा वाटला नाही. ते म्हणायचे, समुद्राचं मला कळतं, सरकारचं मास्तरांना कळतं.

आणखी एक. दोर ओढणाऱ्यांतसुद्धा फरक असतो. काही जण नुसतं समोरच्याची पाठ बघून ओढतात. काहींना तळव्यातून दोराचा ताण कळतो आणि तांडेलाचा हात वर व्हायच्या आधीच ते सैल करतात. हे दुसरे लोक बाबा नावानिशी हेरून ठेवायचे. त्यांच्यातूनच पुढचा तांडेल व्हायचा. तुमच्या पोराने पायरीवरून जे विचारलं ना, ते दोराचा ताण कळल्याशिवाय विचारता येत नाही.


आल्तिनोचा वाचक यांचं उत्तर

खाजनकाठ, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमच्या मंडपात जे आपोआप घडलं ते घडवून आणायला आमच्या लोकांना प्रयोगशाळा उभारावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1950 च्या आसपास अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी एक प्रयोग केला. खोलीत सात-आठ तरुण. समोर एक रेघ, शेजारी लहानमोठ्या तीन रेघा, त्यातली कुठली पहिल्या रेघेएवढी ते मोठ्याने सांगायचं. फरक शेंबड्या पोरालाही दिसेल इतका स्पष्ट. पण त्या खोलीत खरा परीक्षेला बसलेला एकच. बाकीचे आधी पढवलेले, ठरलेल्या फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचं उत्तर देत. या बिचाऱ्याची पाळी शेवटाकडे. अशा फेऱ्यांपैकी सुमारे 37 टक्के वेळा त्यानेही चुकीचं उत्तर दिलं. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी घोळक्याची री ओढली. डोळे शाबूत असताना. तेव्हा तुमचा हात कधी वर गेला ते तुम्हांला कळलं नाही, यात नवल करण्यासारखं काही नाही.

मी विद्यार्थ्यांना नेहमी याच प्रयोगाचा पुढचा भाग सांगायचो, कारण पुस्तकं पहिल्या भागावरच रेंगाळतात. पढवलेल्यांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. चुका 5 टक्क्यांच्या आसपास आल्या. तो सोबती मध्येच सोडून गेला की पुन्हा वाढल्या. आणि उत्तर मोठ्याने न बोलता कागदावर लिहायचं ठेवलं तेव्हाही त्या खूप उतरल्या. मिल्ग्रॅम यांच्या प्रयोगातही हेच दिसलं. समोरच्या माणसाला विजेचे झटके देतोय अशी समजूत असलेल्या 40 पैकी 26 जण हुकुमासरशी शेवटच्या, 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. पण शेजारी बसलेल्या दोन मदतनिसांनी आधी नकार दिला, तेव्हा 40 पैकी फक्त 4 गेले. माणसं तशीच होती.

तुमच्या पुढच्या दोघांनी हात खाली घेतले, कारण त्यांना मावशी मिळाली. तुम्हांलाही मिळाली होती, पण उशिरा. एकदा चारचौघांत दिलेलं मत मागे घेणं हे मुळात मत न देण्यापेक्षा जड जातं. हात वर जाण्याआधीचे चार क्षण तुमचे होते, नंतरचे राहिले नाहीत.

जन्माने येतं का, असं विचारलंत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एवढं दिसतं की कोण पुढारपणाच्या जागी पोचतं, या फरकातला साधारण पाव ते एक तृतीयांश वाटा वारशाचा. म्हणजे आहे, पण मोठा वाटा बाहेरचा. शेऱ्याच्या एका ओळीवरून पोराचं रक्त तपासू नका.

आता आपल्या मातीतलं सांगतो. पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारिया या पाद्रींचा पुतळा आहे, समोर कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात पसरलेला झगेवाला. तो पुतळा बघून सगळ्यांना वाटतं की शक्ती त्या हातांत आहे. फारियांचं म्हणणं नेमकं याच्या उलट होतं. 1756 मध्ये कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये लोकांना खुर्चीवर बसवून "झोपा!" म्हणायचा आणि ते झोपायचे. त्या काळी मेस्मरचे अनुयायी म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी द्रव वाहतो. फारियांनी सांगितलं, असला काही द्रव नाही, माझ्यात काही विशेष नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनात होतं. दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं. पुढाऱ्यांकडे बघताना मला नेहमी तो पुतळा आठवतो. आपण हातांकडे बघत बसतो आणि खुर्चीवरच्या माणसाकडे कोणी बघत नाही.

फारियांचीच आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि समोरचा मोठमोठ्यांचा थाट बघून वाचाच गेली. खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीतून हळूच म्हटलं, "कातर रे भाजी", ही सगळी भाजीच आहे, काप. आणि जीभ सुटली. खरी किती, खोटी किती ते सोडा. आपल्या लोकांनी ती इतकी वर्षं जपली, कारण आपल्या भाषेतला एक आवाज जवळ असला तर काय होतं हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता घरचं. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा जनमत कौल झाला, 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर मतदान. आमचं घर डिचोलीचं, विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, घरात मराठी वर्तमानपत्र, पक्षाचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर म्हणजे देवाखालोखाल. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहायला दोन पानं. घरात सगळे फुलाचे. धाकटे काका तेवढे पानांचे, आणि ते त्यांनी लपवलं नाही. आजोबा त्यांच्याशी दोन दिवस जेवणाच्या पंगतीत बोलले नाहीत. काका म्हणाले होते, "भाऊसाहेबांना मत द्यायचं तेव्हा देईनच. हे मत वेगळं आहे." मला त्या वयात काका फितूर वाटले.

निकाल 1,72,191 विरुद्ध 1,38,170. पानं जिंकली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तीत भाऊसाहेब पुन्हा निवडून आले, पुन्हा मुख्यमंत्री झाले. अडीच महिन्यांत. म्हणजे माझ्या काकांसारखे लोक घरोघर असणार, ज्यांनी आपल्याच पुढाऱ्याची सगळ्यात मोठी मागणी नाकारली आणि पुढारी तोच ठेवला. मी मानसशास्त्राकडे वळलो त्यामागे ते दोन दिवसांचे मुके जेवण आहे. कौल कुठल्या बाजूने लागायला हवा होता यावर आजही आपल्यात दोन मतं आहेत, तो वाद इथे नको. मला एवढंच सांगायचंय की "मागे जाणारा" ही माणसाची जात नसते. माझे काका त्याच वर्षी अनुयायीही होते आणि नव्हतेही.

शिक्षणाबद्दल तुमचं बरोबर आहे. तुमच्याच नदीच्या काठी, तालुक्यापलीकडे साखवाळ आहे, धर्मानंद कोसंबी तिथले, जन्म 1876. शालेय शिक्षण अगदी बेताचं. घरच्या माडांची राखण करताना मराठी मुलांच्या एका मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि 1899 मध्ये घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन. पुढे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम केलं. कोणाच्या मागे गेले नाहीत आणि कोणाला मागे घेऊनही निघाले नाहीत. अशी माणसं विरळा, आणि त्यांच्या घरच्यांना त्याचा त्रास होतो हेही खरं.


शेरे लिहिणारी यांचं उत्तर

मी माध्यमिक शिक्षिका आहे, तुमच्या गावची नाही. तो शेरा मी लिहिलेला नसला तरी तसे शेकडो लिहिलेत. एका रात्रीत चाळीस-बेचाळीस पुस्तकं भरायची असतात. डोळ्यांपुढे मुलगा आणायचा प्रयत्न करते तेव्हा जे मूल पटकन हात वर करतं, रांग लावतं, माईकवर बोलतं तेच आधी दिसतं, त्याला आम्ही नेतृत्व म्हणतो. शांत मुलाचं काय लिहायचं ते सुचत नाही आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वर्षभर गप्प. सहलीत दोन मुलं वाट चुकली तेव्हा सगळे मॉनिटर ओरडत होते आणि हिने सांगितलं, ती दोघं मघाशी पाणी प्यायला मागच्या नळावर गेली. ती बघत असते हे मला वर्षाच्या शेवटी कळलं. तुम्ही बाईंना भेटा आणि पायरीवरचा प्रश्न त्यांना सांगा. मला कोणी येऊन असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.


साखळीची नर्स यांचं उत्तर

प्रोफेसर सरांचं पटलं, पण इथे पोटाची गोष्ट कोणीच काढली नाही. ती काढल्याशिवाय हे पुरं होत नाही.

मावशीला काय गमवायचं होतं? तिचा मुलगा सरकारी नोकरीच्या यादीत अडकलाय का? तिला घराचं छप्पर बदलायला पंचायतीचा दाखला हवाय का? ज्यांचे हात पहिल्या रांगेत वर गेले त्यांच्या घरी जाऊन बघा, प्रत्येकाचं एक काम कोणाकडे तरी अडलेलं असेल. आपल्या गोव्यात गाव लहान, ओळख मोठी, आणि आमदारापासून सगळे एकमेकांच्या लग्नात जेवतात. इथे हात खाली ठेवायला पैसे पडतात. मी हे तुमच्या जावेला किंवा कोणाला कमी लेखायला म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने गप्प बसणं म्हणजे त्याला विचार करता येत नाही, असं मी कधी मानणार नाही. त्याने विचार केलेला असतो, आणि हिशेबही केलेला असतो.

माझं सांगते. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. मी जिथे होते तिथे एका मोठ्या डॉक्टरांनी तोंडी एक डोस सांगितला. माझ्या कानाला तो दसपट वाटला. मी सिनियर सिस्टरकडे बघितलं, ती औषध भरत होती, म्हणजे बरोबर असेल असं धरलं. ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलले नाही म्हणजे बरोबर असेल असं तिने धरलं. पेशंटच्या सुनेने विचारलं, "काल एवढीशी सुई होती, आज मोठी का?" तेव्हा दोघी थांबलो. देवाच्या कृपेने टळलं. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढे एका दुसऱ्या ठिकाणी काम केलं, तिथे नियमच होता. जोखमीचं औषध दोघींनी मोठ्याने वाचायचं आणि ज्युनियरने आधी. सिनियर नंतर. सिनियरने आधी वाचलं की ज्युनियर तेच वाचते, डोळे उघडे ठेवून. मी आता इन्चार्ज आहे आणि हा नियम मोडू देत नाही. माझ्या हाताखालच्या मुली काही जन्मतः धीट नाहीत. त्यांना बोलायची पाळी पहिली मिळते, एवढंच.

तेव्हा तुम्ही स्वतःला किंवा पोराला बदलायच्या मागे लागण्याआधी सभेची रीत बदलायला सांगा. हात वर करायच्या जागी चिठ्ठ्या. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. ज्याचा कुणगा बांधाला सगळ्यात जवळ त्याने सगळ्यात आधी.


खाजनकाठ यांचं उत्तर

सगळ्यांचं वाचलं. सरांचं रात्री दोनदा. सिस्टर, तुमचं वाचून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावरही त्याच विचारात होते.

परवा संध्याकाळी मावशीकडे गेले. ती अंगणात बसून तांबड्या भाजीच्या जुड्या बांधत होती, केळीच्या सोपटाने. मीही शेजारी बसून बांधायला लागले. मुळांची माती झटकायची, पानं एका बाजूला घ्यायची, दोन वेढे आणि गाठ. माझ्या जुड्या तिने दोनदा सोडून परत बांधल्या. मग मी विचारलं, मावशी, त्या दिवशी तुम्हांला भीती वाटली नाही का?

"वाटली तर. पाय लटलटत होते. म्हणून तर उठले नाही."

मी दोन महिने समजत होते की ती ठामपणाने बसून राहिली.

मग ती म्हणाली, "हात वर करा म्हटल्यावर मी आधी तुझ्याकडे बघितलं. तू बांधावर उतरून मीठ चाखत होतीस ते मी गेल्या वर्षी बघितलेलं. म्हटलं, ही शिकलेली आहे, ही बोलेल. तू खाली बघितलंस. मग म्हटलं, आता मीच बोलते." हे बोलताना तिचा हात थांबला नाही, आवाजात रागही नव्हता. सर, तुम्ही लिहिलंत ना की मला सोबती उशिरा मिळाला. तिलाही सोबती हवा होता आणि तो मी होते. तो मिळाला नाही, तरी ती बोलली. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

सिस्टर, तुमचा पोटाचा मुद्दा मी मावशीला विचारला. तिची भाजी त्याच खाजनाच्या वरच्या कडेला होते. पाणी खारं झालं तर तिची विहीर आधी जाते. म्हणजे गमवायला तिच्याकडेही होतं. बाकी तुमचं खरं आहे. जाऊबाईंच्या मुलाचा नोकरीचा अर्ज अडकलाय, हे मला ठाऊक होतं, मी कधी त्या हाताशी जोडून पाहिलं नव्हतं.

पोराला मी सरळ सांगितलं, तेव्हा मी घाबरले होते आणि तुला खोटं सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री जेवल्यावर म्हणाला, "आज भरती साडेनवाच्या पुढे पुरी होईल. बघायला जाऊया?" मी विचारलं, तुला रे काय माहीत? त्याने गणिताची वही आणून मागचं पान दाखवलं. सभेनंतरच्या दिवसांपासून तो बांधावर जाऊन भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत होता, आणि शेजारी दार मिटलेलं की उघडं. कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणाला.

आम्ही गेलो. पाऊस भुरभुरत होता, त्याच्या हातात टॉर्च, माझ्याकडे छत्री. भरती चढत होती आणि डावीकडचं दार मिटलेलं होतं, दाबाने करकरत होतं. उजवीकडचं वीतभर उघडं. फटीत माडाच्या खोडाचा एक तुकडा ठोकून बसवलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी शेताकडे धावत होतं. टॉर्चच्या उजेडात पाण्यावरचा फेस आत जाताना दिसत होता. मोबाइलवर फोटो काढले. खोडाला आम्ही हात लावला नाही. तो आपण काढायचा नाही, दाखवायचा, असं पोरगाच म्हणाला.

सभेत ठराव झाला असला तरी करारावर अजून सह्या झालेल्या नाहीत. म्हणून मी मामलेदारांच्या नावाने अर्ज लिहिलाय. दोनच मागण्या आहेत. दार न अडवण्याची अट करारात घाला, आणि हा विषय पुन्हा सभेपुढे आणून चिठ्ठ्यांनी मत घ्या. माझी सही झाली. मावशीने सही केली, अंगठा नको म्हणाली, एकेक अक्षर काढायला वेळ लागला. हात खाली घेतलेल्या दोघांपैकी एकाने केली. दुसरा म्हणतो चवथीनंतर बघू. जाऊबाईंना मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःहून येऊन अर्ज वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि गेल्या.

सोमवारी फोंड्याला जायचं आहे. मावशीची भाजी नऊपर्यंत खपते, ती टोपली घेऊन तशीच बाजारातून कचेरीत येणार आहे. फोटो छापून घेतलेत. पोराने वहीतलं पान दुसऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून दिलंय, अठरा दिवसांच्या वेळा आहेत त्यात. ते मी अर्जाला टाचलंय.